त्रेपन्न आठवडे, त्रेपन्न आयरिश म्हणी: एक कॅलेंडर वर्षभर वापरून

आयर्लंडमधल्या गॉलवेला सेंट निकोलस चर्चच्या बाजूला शनिवारचा बाजार भरतो, तिथे गेल्या डिसेंबरात हे कॅलेंडर घेतलं. सतरा युरो. टेबलावर उभं राहणारं, वरून तारेच्या स्पायरलनं बांधलेलं, आठवड्याला एक पान. पानावर मोठ्या अक्षरात एक आयरिश म्हण, खाली तिचा उच्चार, त्याखाली इंग्रजी अर्थ. पान उलटलं की मागे पाच-सहा ओळींत ती म्हण कुठली, कोण वापरतं, कशावरून आली. यंदा इथे नव्यानं आलेल्या दोघी मैत्रिणींनी "घेऊ का गं मीपण?" म्हणून विचारलं. फोनवर सांगता सांगता अर्धा तास गेला आणि तरी निम्मं राहिलंच, तेव्हा म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

मी नर्स आहे. गॉलवेहून समुद्राच्या कडेकडेनं पश्चिमेला निघालं की स्पिडल लागतं, त्या बाजूच्या एका नर्सिंग होममध्ये बहुतेक नाइट ड्यूटी करते. हा गेल्टाख्टचा पट्टा, म्हणजे आयरिश भाषा जिथे अजून घरात आणि दुकानात बोलली जाते तो भाग. आमच्याकडची बरीच वयस्कर मंडळी झोपेत आयरिशमध्ये बोलतात, देवाचं नाव आयरिशमध्ये घेतात. इंग्रजी सगळ्यांना येतं, पण पहाटे तीनला घाबरून जाग आली की तोंडात येते ती लहानपणचीच भाषा. त्या वेळी हात धरून म्हणायला चार शब्द तरी आपल्याकडे असावेत, म्हणून हे कॅलेंडर घेतलं. आणि घरी न ठेवता नर्सेस स्टेशनच्या टेबलावर ठेवलं. त्यामुळेच ते मला इतकं लाभलं.

म्हणीला आयरिशमध्ये 'शनोकल' म्हणतात. 'शन' म्हणजे जुना आणि 'फोकल' म्हणजे शब्द. जोडशब्द झाला की मधला 'फ' उच्चारातून गळून जातो. जुना शब्द. पहिल्याच पानाच्या मागे हे दिलंय आणि तिथेच माझं मन बसलं.

जानेवारीतलं एक पान मला तोंडपाठ आहे. 'अर स्कॉ अ ह्येले अ वारन न दीने'. इंग्रजीत अर्थ दिलाय, की माणसं एकमेकांच्या आसऱ्यानं जगतात. मागे मात्र नीट उलगडून सांगितलंय की 'स्कॉ' म्हणजे सावलीही आणि आडोसाही. इंग्रजीत हे दोन्ही एका शब्दात मावत नाही, म्हणून भाषांतर करणारा एक धरतो आणि दुसरं सोडतो. मराठीत ही ओढाताणच नाही. माणसं एकमेकांच्या सावलीत जगतात, झालं. आईबापाची सावली, वडीलधाऱ्यांची सावली हे आपण रोज बोलतो. फरक आहे तो हवेचा. उन्हाचा ताप इथे कुणाला? कॉनेमाराच्या, म्हणजे गॉलवेच्या पश्चिमेकडच्या या भागाच्या, उघड्या माळावर अटलांटिकचा वारा थेट अंगावर येतो, आणि मेंढ्या दगडी गडग्याला पाठ लावून एका ओळीत बसलेल्या दिसतात. मी ड्यूटीवर जाताना रोज पाहते. माझ्यासाठी आता 'स्कॉ' म्हणजे तो गडगा.

कॅलेंडरची चांगली पानं अशी आहेत. म्हण कुठल्या हवेतली, कुठल्या कामातली, कुणाच्या तोंडची, हे ती सोडत नाहीत.

आता आमच्याकडच्या आजींबद्दल. इथे सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारायची पद्धत आहे, मीही मारते, पण मनात त्या माझ्या आजीच आहेत. वय एक्क्याण्णव, कॉनेमाराच्या. नजर तेवढी अधू, बाकी डोकं लख्ख. औषधांची फेरी संपली की रात्री दहाच्या सुमाराला मी कॅलेंडर घेऊन त्यांच्या खोलीत जायची, म्हण वाचून दाखवायची, त्या माझा उच्चार दुरुस्त करायच्या. फेब्रुवारीत 'नील एन टिंचॉन मार द हिंचॉन फेन' आली. शब्दशः, आपल्या स्वतःच्या चुलीसारखी चूल नाही. पानावर इंग्रजीत अर्थ दिलाय 'घरासारखी जागा नाही'. चूल गेली की त्या म्हणीत उरलं काय? आजींनी मला सांगितलं ते असं: त्यांच्या घरी टर्फ जाळायचे, म्हणजे दलदलीतून विटांसारखी कापून उन्हावाऱ्यात वाळवलेली माती. ती आग रात्री विझवायची नाही. निजायच्या आधी निखारे राखेखाली सारायचे, वर हलक्या हातानं राख थापायची, सेंट ब्रिजिडचं नाव घेऊन प्रार्थना पुटपुटायची, आणि सकाळी राख बाजूला करून त्याच निखाऱ्यावर नवा टर्फ लावायचा. हे सांगताना आजींचा उजवा हात पांघरुणावर राख थापत होता. तळवा खाली, बोटं जराशी उचललेली, अगदी हळू. कॅलेंडरच्या मागच्या मजकुरात यातलं अक्षर नाही. मी तिथेच पेन्सिलनं लिहून ठेवलं.

आणि लगेच आजींनी त्या म्हणीची खट्याळ जोडीदारीणही ऐकवली, 'टिंचॉन'च्या जागी 'तोन टिन' घालून. आपल्या स्वतःच्या दुखऱ्या कुल्ल्यासारखा दुखरा कुल्ला नाही. आयर्लंडभर लोकांना ही दुसरी आवृत्ती ठाऊक आहे, दोन्हींचा नाद इतका सारखा की ऐकणारा क्षणभर फसतो. कॅलेंडरवाल्यांनी ती सभ्यपणे गाळली. ती हवी होती. या लोकांचं शहाणपण असंच आहे. चुलीची गोष्ट आणि पाठदुखीची गोष्ट एकाच चालीत बसते.

महिन्यांची सांगड मात्र त्यांनी मनापासून घातली आहे, त्याचं पूर्ण श्रेय द्यायला हवं. फेब्रुवारीची सुरुवात 'ला एले ब्रीदे' म्हणजे १ फेब्रुवारीच्या ब्रिजिडच्या दिवसानं होते. पानावर लव्हाळ्यासारख्या हिरव्या गवताचा विणलेला क्रॉस आहे, आणि म्हण संवादातली. ब्रिजिड म्हणते, माझ्या दिवसापासून दर एक दिवसाआड चांगला दिवस. पॅट्रिक म्हणतो, माझ्या दिवसापासून रोजच चांगला दिवस. १ फेब्रुवारी ते १७ मार्च एवढ्यात हिवाळा कसा सरत जातो, याचा हिशेब दोन संतांच्या तोंडी दिलाय. २०२३ पासून ब्रिजिडच्या नावाची सार्वजनिक सुट्टीही मिळते, तेही मागे दिलंय.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचं पान तर माझं सगळ्यात आवडतं. 'करड्या-पट्टेरी गाईचे दिवस'. गोष्ट अशी: एक म्हातारी पट्टेरी गाय मार्च सरल्यावर फुशारली, की मार्चला काही माझा जीव घेता आला नाही. मार्चनं ते ऐकलं, एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतले, आणि त्या तीन दिवसांत असा वारा-पाऊस-गारठा आणला की गाय मेली. 'उसने' हा शब्द मी मराठीत घातलेला नाही, इंग्रजीतही या दिवसांना उसने दिवसच म्हणतात. कुठे तीन दिवस सांगतात, कुठे नऊ. यंदा एप्रिलच्या दोन तारखेला ड्यूटीवरून घरी निघाले तर गाडीच्या काचेवर गारा वाजत होत्या. मला ती गाय डोळ्यासमोर दिसली. अशा वेळी कॅलेंडरवरचा आठवडा आणि खिडकीबाहेरचा आठवडा एक होतो.

सप्टेंबरात एक जुनी त्रयी आहे. आयरिशमध्ये तीन-तीन गोष्टी एकत्र गुंफून सांगायची फार जुनी रीत. नवव्या शतकाच्या आसपासचा अशा त्रयींचा एक संग्रह हस्तलिखितांतून टिकला आणि कुनो मायर या जर्मन पंडितानं तो १९०६ साली छापून आणला. त्यातली ही: जगाला तोलून धरणाऱ्या तीन बारीक गोष्टी, गाईच्या आचळातून बादलीत पडणारी दुधाची बारीक धार, जमिनीवर उगवलेली धान्याची हिरवी बारीक पात, आणि कुशल बाईच्या हातावरून जाणारा बारीक धागा. आजींनी आयुष्यभर धारा काढल्या. त्या म्हणाल्या, पहिली धार रिकाम्या बादलीत खणखणते, मग फेस आला की आवाज मऊ पडतो, आणि आवाजावरूनच कळतं किती भरली. अकराशे वर्षांपूर्वी ज्यानं हे रचलं त्यानं हाच आवाज ऐकला असणार.

आता ज्या पानासाठी मी हे कॅलेंडर जन्मभर जपून ठेवणार, त्याबद्दल. मे महिना. 'ब्रिशन अन दूखस त्री हूले अन खत'. दूखस मांजराच्या डोळ्यांतून फुटून बाहेर येतो. 'दूखस' म्हणजे रक्तात असलेलं, पिढ्यांनी आलेलं, ज्या मातीतले आपण तिचं काहीतरी. मी मराठीत 'पिंड' लिहिलं, समाधान झालं नाही, पण त्यातल्या त्यात जवळचा तोच वाटला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही आपली म्हण याच्या शेजारी बसते खरी, पण आपल्याकडे खोड म्हटलं की वाईटच. आयरिश मांजराच्या डोळ्यांतून चांगलंही बाहेर येतं.

त्या पानाच्या मागे एक ओळ होती, की ही म्हण शालेय संग्रहात जागोजागी सापडते, 'दूखस' याच नावाच्या संकेतस्थळावर पाहा. हा संग्रह काय आहे ते सांगायलाच हवं. १९३५ साली आयरिश लोककथा आयोग स्थापन झाला. त्यांनी १९३७ ते १९३९ या काळात सव्वीस काउंटींमधल्या सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या मुलांना कामाला लावलं. अकरा ते चौदा वर्षांची मुलं. घरी जा, आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून आणा: म्हणी, औषधं, भुतांच्या गोष्टी, हवामानाची चिन्हं, विहिरी, जत्रा, दुष्काळाच्या आठवणी. सुमारे ७,४०,००० पानं जमली. आज ती डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात राष्ट्रीय लोकसाहित्य संग्रहात आहेत, २०१७ साली युनेस्कोनं त्या संग्रहाची जागतिक स्मृतीच्या यादीत नोंद केली, आणि ती पानं घरबसल्या फुकट पाहता येतात. काउंटी निवडा, शाळा निवडा, मुलांच्या हातची अक्षरं समोर येतात. छापील रूपात उतरवून काढायचं काम स्वयंसेवक करतात, त्या उपक्रमाचं नाव 'मेहल'. मेहल म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून एकाच्या शेतातलं काम उरकणं. आपली सावड. आपलं इर्जिक.

आजींना विचारलं, तुमची शाळा कुठली? त्यांनी नाव सांगितलं. टॅबलेटवर शोधलं तर शाळा मिळाली. आजी तेव्हा अगदी लहान होत्या, पण थोरली बहीण शाळेत होती. पान पान पुढे सरकवत गेले आणि एका म्हणींच्या पानाखाली आजींच्या बहिणीचं नाव दिसलं. गोल, जपून काढलेलं अक्षर, जुन्या आयरिश वळणाचं, जिथे आज 'एच' लिहितात तिथे अक्षराच्या डोक्यावर टिंब. अकरा म्हणी होत्या. खाली लिहिलेलं, की या माझ्या आजीनं सांगितल्या. मी एकेक अक्षर मोठं करून आजींच्या डोळ्यांजवळ धरलं. त्यांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या, मग वाचायच्या थांबल्या आणि बाकीच्या नऊ न बघता म्हणून दाखवल्या. त्याच क्रमानं नाही, पण नऊच्या नऊ. बहीण जाऊन तीस वर्षं झाली आहेत. त्या रात्री मी खोलीतून बाहेर पडले तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि बाकीची फेरी मला धावत पूर्ण करावी लागली.

सतरा युरोंच्या वस्तूच्या मागच्या एका ओळीनं हे घडवलं. म्हणून मी त्याचे दोषही मनापासून सांगणार आहे, कारण ते सुधारावेत असं मला वाटतं.

पहिला दोष: त्रेपन्नातल्या चार पानांवर आयरिश मजकूरच नाही. फक्त गोडगोड इंग्रजी वाक्यं, मैत्री, नशीब, इंद्रधनुष्य. आजींनी त्यातलं एकही कधी ऐकलेलं नाही. मागच्या बाजूला ना गाव, ना माणूस, ना गोष्ट. सेंट पॅट्रिकच्या आठवड्याला तर चार पानांच्या क्लोव्हरचं चित्र काढलंय. पॅट्रिकशी जोडलेला शॅमरॉक तीन पानांचा. इथलं शाळेतलं मूलही ही चूक पकडेल, माझ्या नऊ वर्षांच्या मुलानं पकडली.

दुसरा दोष जास्त लागला. जूनमध्ये 'गु नाय्री अन बोहर ल्यात' आहे, आणि अर्थ दिलाय तो भेटकार्डांवरचा प्रसिद्ध, की रस्ता तुला भेटायला वर उठून येवो. यात क्रियापदाचा घोटाळा आहे. ते क्रियापद एकटं असलं तर उठणं, वर येणं. पण त्यासोबत 'ले' आलं की अर्थ होतो एखाद्याला यश लाभणं. आपल्याकडे 'लागणे' जसं भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते असं दर ठिकाणी बदलतं, तसंच. 'त्याला नोकरी लागली' याचं कुणी 'त्याला नोकरीची इजा झाली' असं भाषांतर करावं, तशी ही गत. खरा अर्थ साधा आहे, तुझा प्रवास सुखरूप होवो. इतर पानांवर इतकी मेहनत घेणाऱ्यांनी इथे मागच्या बाजूला उठणाऱ्या रस्त्यावर सहा ओळींचं काव्य लिहावं, याचं वाईट वाटलं. आजी रोज मला सकाळी निघताना हेच वाक्य म्हणतात. त्यांच्या मनात कुठलाही रस्ता उठत नसतो, मी नीट घरी पोचावं एवढंच असतं.

उच्चार इंग्रजी वाचणाऱ्यांच्या सोयीनं दिलेत, त्यात आपलं नुकसान आहे. आयरिशचे ठोस 'त' आणि 'द' दातांवर जीभ टेकवून म्हणतात, अगदी आपले त आणि द. इंग्रजी उच्चारावरून गेलात तर ट आणि ड म्हणाल. मी सरळ देवनागरीत लिहून घेतलं आणि 'दीने' म्हटलं, तेव्हा आजी एकदम म्हणाल्या, हे तुला कुणी शिकवलं? शिवाय उच्चार कुठल्या भागाचा हेही सांगितलेलं नाही. 'कशी आहेस' हे साधं वाक्यसुद्धा मन्स्टर, कॉनाख्ट आणि अल्स्टर या प्रांतांत तीन वेगळ्या तऱ्हांनी विचारतात, मग सगळ्या म्हणींना एकच उच्चार कसा पुरेल?

बांधणीबद्दल थोडक्यात. कागद जाड, बिनचकाकीचा, पेन्सिल छान उठते. ठशांची चित्रं सुंदर. मागचा पुठ्ठा मात्र कमकुवत, ऑगस्टपासून कॅलेंडर मागे रेलायला लागलं, शेवटी औषधांच्या रिकाम्या खोक्याचा टेकू दिला. स्पायरलजवळची भोकं दोन-तीन पानांना फाटली.

घ्यावं का? ज्यांची मुलं इथे शाळेत आयरिश शिकतायत त्यांनी जरूर घ्यावं. वरच्या वर्गांत निबंधात शनोकल पेरायला शिकवतात, त्याची तयारी आपोआप होते. आमचा मुलगा गृहपाठाची पहिली ओळ लिहिली की 'तूस मा ल्या न हेब्रे' म्हणतो, चांगली सुरुवात म्हणजे अर्धं काम, आणि खेळायला पळतो. इथल्या म्हाताऱ्या माणसांसोबत काम करणाऱ्या कुणीही घ्यावं, डोळे झाकून. पण भिंतीला शोभा म्हणून घ्यायचं असेल तर त्याहून स्वस्तात म्हणी छापलेला टी-टॉवेल मिळतो. आणि घेतलंत तर एकटं वाचू नका. प्रत्येक म्हण त्या भागातल्या एका तरी माणसाला म्हणून दाखवा. तो दुसरी सांगेल, तिसरी सांगेल, किंवा 'आमच्याकडे असं नाही म्हणत' म्हणेल. माझ्या पानांच्या समासात अशा बेचाळीस नोंदी झाल्यात.

त्रेपन्नावं पान त्यांनी मुद्दाम कोरं ठेवलंय, स्वतःची म्हण लिहायला. आजींनी मला विचारलं, तुमच्याकडची एखादी सांग. मी म्हटलं, दुरून डोंगर साजरे, आणि अर्थ सांगितला. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिलं: 'इस ग्लास ईअद न क्नुक इ वाद ऊन'. दूरचे डोंगर हिरवे. आणि वर पुस्ती जोडली, पण गवताळ नसतात. त्यांचा 'ग्लास' म्हणजे झाडापानांचा हिरवा, आणि मेंढीच्या अंगावरचा करडाही तोच. लांबून हिरवं दिसतं ते जवळ गेलं की करडं निघतं, हे त्या एका शब्दातच आहे. मी पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कोऱ्या पानावर वरच्या बाजूला ती ओळ लिहिली, बहिणीसारखीच, टिंबं देऊन. ओळ जरा खाली घसरलीय. तिच्याखाली मी आपली लिहिली.

पुढच्या वर्षाचं कॅलेंडर परवाच्या शनिवारी आणलं. किंमत तीच. मागचा पुठ्ठा या वेळी जाड वाटतो. स्पायरलला सुतळीनं पेन्सिल बांधून ठेवलीय.